मधला पट्टा

१

धम्मदीप माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी कमरेकडे. त्यात वावगं काही नव्हतं, धंद्यानं लावलेली खोड होती. बेसा चौकातून आत वळलं की दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं घर, आणि घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. मध्ये एक पडदा. पडद्याच्या या बाजूला पट्टे, पाकिटं, पर्सा, दप्तरांची शिलाई. त्या बाजूला बायको, मुलगी, कुलर आणि फोडणीचा वास. सकाळी शटर वर करायचं, आदल्या दिवशी कापलेले पट्टे चाचपायचे, चहा येईपर्यंत दोऱ्याला मेण चोळत बसायचं. वर्षानुवर्षं हेच. या कामात हाताला आता डोळ्यांची गरज उरली नव्हती आणि खरं सांगायचं तर मनाचीही नाही.

त्याचे वडील नत्थूजी हयात असेपर्यंत दुकानात कधी बसले नाहीत. "छप्पन साली माझ्या बापानं हे सारं सोडलं, अन् तू शिकूनसवरून पुन्हा कातड्याले हात लावला," एवढं एकदाच म्हणाले आणि पुढं त्या विषयावर गप्पच राहिले. धम्मदीप हे काम एका बॅगांच्या कारखान्यात शिकला होता. त्याच्या लेखी ते हातातलं कसब होतं, बाकी काही नाही. पण बाप दुकानाच्या बाहेरच खुर्ची टाकून बसायचा, हे त्याला लागलं होतं.

पट्टा मात्र त्याला पुस्तकासारखा वाचता येई. बक्कल रोज ज्या भोकात लागतं तिथं चामड्याला आडवी सुरकुती पडते, भोक लांबट होतं, त्याची कड घामानं काळी पडते. एका भोकात माणूस किती काळ राहिला हे त्या सुरकुतीवरून कळतं. लग्न झालं, नोकरी लागली, की माणूस एकेक भोक बाहेर सरकतो. धम्मदीपला हसू यायचं ते बघून. उलटे, आत सरकत गेलेले पट्टे मात्र त्याला नकोसे वाटत. आजारी माणसाच्या घरचे भोक पाडायला दुकानात येत नाहीत. खिळा तापवून घरीच पाडतात, वेडंवाकडं, जळक्या कडांचं. असा पट्टा दुकानात येतो तो बहुतेक मुलाच्या हातून. "बाबांचा आहे, माझ्या मापाचा करून द्या." धम्मदीप काही न विचारता करून देई.

२

मयुरा त्याची एकुलती एक. आठवीतली. मागच्या दिवाळीत त्याची बायको प्रीती पोरीच्या नव्या ड्रेसची पाठीवरची चेन लावत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पोरीच्या पाठीचं एक पातं दुसऱ्यापेक्षा वर आलंय. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. मणक्यांची रांग सरळ खाली यायची सोडून मध्येच एका बाजूला कलली होती. उंची वाढायची थांबेपर्यंत दिवसरात्र आधाराचं कवच घालायचं, बाक वाढू द्यायचा नाही. वाढला तर पाठ उघडून सळया बसवाव्या लागतील, असं ते म्हणाले. प्रीती मनीषनगरच्या एका पॅथॉलॉजीत रक्त घ्यायचं काम करायची. रोज लोकांच्या दंडाला सुई लावणारी ती बाई त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलाला धरून उभी राहिली.

कवच प्लास्टिकचं होतं. मयुरा त्याला ड्रम म्हणायची. थंडीत तिनं तो निमूटपणे घातला. मग होळी झाली, नागपूरचं ऊन सुरू झालं, आणि ड्रमच्या आत पोरीची कातडी घामोळ्यांनी सोलून निघाली. ती शाळेतून आली की ड्रम काढून दिवाणाखाली ढकलायची. रागावलं तर रडायची नाही, वाद घालायची नाही. नुसती बघायची. त्या घरात सगळेच थकले होते, आणि तेरा वर्षांची पोर सगळ्यात जास्त.

अशात एक दिवस मधुसूदनकाका चपलेचा अंगठा शिवून घ्यायला आले. दवाखान्यात कृत्रिम हातपाय आणि आधाराची कवचं बनवण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पडद्याआडून मयुरा जाताना त्यांनी पाहिली आणि काही न विचारता ओळखलं.

"आम्ही आधी चामड्याचेच करत होतो, गा," ते म्हणाले. "जाकीट म्हणत होतो आम्ही त्याले. चामडं घाम पिते. प्लास्टिक काय पिते?"

"मले जमन का, काका?"

"तुले चामडं कळते. अंग नाही कळत. शिकशील तर जमन."

धम्मदीपनं जन्मभर सपाट काम केलं होतं. पट्टा सपाट, पाकीट सपाट. अंगावर बसणारं, गोल, जागोजागी वेगळं वळणारं असं काही त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. भीती वाटली. पण कितीतरी वर्षांनी त्याला सकाळी उठून दुकानात जावंसं वाटलं, हेही तितकंच खरं.

३

काकांनी मयुराच्या अंगावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि तिच्या धडाची पांढरी हुबेहूब प्रतिकृती दुकानातल्या फळीवर आणून ठेवली. डोकं नाही, हात नाहीत. बाक कुठं दाबायचा तिथं काकांनी घासून खोलगट केलं. मयुरानं त्याच्या गळ्यात आपली शाळेची टाय अडकवली आणि म्हणाली, "माझी डमी. इले बसवा शाळेत, मी घरी राहतो."

"राहते म्हण," प्रीती आतून ओरडली.

"मैत्रिणी सगळ्या राहतोच म्हणतात, मम्मी."

त्या दिवशी घरात जरा हसणं झालं.

पहिलं जाकीट वाया गेलं. पट्ट्याच्या सवयीनं धम्मदीपनं जनावराच्या पाठीचं चामडं घेतलं, ताठ आणि न ताणणारं. ते कमरेच्या वळणावर बसेचना, गोळा झालं. काका हसले. मग त्यानं खांद्याचं चामडं आणलं, बाभळीच्या सालीत पकवलेलं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं, साच्याला मयुराची जुनी बनियन चढवली, त्यावर ते ओलं चामडं ताणून कडेला खिळे मारले आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यानं, नंतर नुसत्या अंगठ्यानं चोळत राहिला. बरगड्यांच्या खाली, कमरेच्या खोबणीत, पाठीच्या खोलगटात. अंगठ्याला फोड आले. चामडं हळूहळू ऐकू लागलं. संध्याकाळी बघतो तर मयुराच फळीवर उभी, तपकिरी रंगाची. धम्मदीपचे डोळे भरून आले. आपल्याला अजून शिकता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

समोरून बांधायला काकांनी तीन आखूड पट्टे सांगितले होते, रिबीट मारून पक्के केलेले. वरचा आणि खालचा त्यानं तसाच केला. मधला मात्र कमरेभोवती पूर्ण फेरा मारणारा, जाकिटाला शिवलेल्या बंदांतून ओवायचा, सुटा निघणारा पट्टा केला, पितळी बकलाचा, पाच भोकांचा.

"हे काहून असं?" काका म्हणाले.

"पट्टा मले येते, काका. बाकी सारं नवीन आहे. एवढं तरी माझ्या हाताचं राहू द्या."

काकांना ते पटलं नव्हतं. पण पोरीच्या बापापुढं किती बोलायचं, म्हणून गप्प बसले. धम्मदीपनं जाकीट साच्यावर चढवून मधला पट्टा मधल्या भोकात लावला आणि वाळायला ठेवून दिला.

४

सकाळी शटर वर केलं. दोऱ्याला मेण लावलं. चहा आला. जाकीट वाळलंय का म्हणून त्यानं सहज हात लावला, आणि हात पट्ट्यावर थांबला.

मधल्या भोकापाशी आडवी सुरकुती होती. खोल, मऊ पडलेली. भोक लांबट झालं होतं आणि त्याची कड काळी होती. नवाकोरा पट्टा, काल कापलेला, एका रात्रीत कोणीतरी वर्षभर वापरल्यासारखा दिसत होता. आणि तो प्लास्टरवर होता. प्लास्टर वाकत नाही, जेवत नाही, त्याला घाम येत नाही.

धम्मदीप काही देवभोळा माणूस नव्हता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचार केला. ओलं चामडं वाळताना आकसतं, आकसताना बकलावर ताण येतो, सुरकुती पडणारच. आणि काळं? बाभळीचं ओलं चामडं लोखंडाला लागलं की काळं पडतं, हे तर कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. झालं. समाधान झालं त्याचं. तो पुन्हा मेण चोळायला बसला, आणि मग त्याला आठवलं की बक्कल पितळेचं आहे.

त्यानं पट्टा नाकाशी नेला. माणसाच्या घामाचा वास होता.

प्रीतीला त्यानं सांगितलं नाही. ती पहाटे घरोघर रक्त घेऊन आलेली, पाय सोडून बसली होती. तिला काय सांगायचं? की पट्टा जुना झाला? दोन दिवसांनी त्याच्याच लक्षात आलं की मधल्याच्या बाहेरच्या भोकावरही सुरकुती धरलीय. बक्कल होतं तिथंच होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता. पण खुणा म्हणत होत्या की घालणारी जरा भरली आहे, अंगानं वाढली आहे. वाढत्या वयाच्या पोरीचा पट्टा अगदी असाच दिसतो. वाढत्या वयाची पोर मात्र पडद्यापलीकडं आंब्याची कोय चोखत बसली होती आणि तिनं तो पट्टा अजून अंगाला लावलाच नव्हता.

५

जाकीट मयुराला बसलं. बसलं म्हणजे असं की काकांनी सगळीकडून बोटं फिरवून पाहिली आणि धम्मदीपच्या पाठीवर थाप मारली. जाकीट अंगात असतानाच एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, बाक चांगला धरला आहे, चालू द्या. महिनाभरात घामोळ्या गेल्या. मयुरा दिवाणाखाली काही ढकलेनाशी झाली. आरशापुढं उभी राहून स्वतःचे दोन्ही खांदे बघायची.

"पप्पा, हे आपण आधीच काहून नाही केलं?"

धम्मदीप हसला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि त्या आनंदाच्या पोटात जे डाचत होतं ते त्यानं बाहेर येऊ दिलं नाही.

रोज सकाळी ती आंघोळीला गेली की तो जाकीट पुसून तेलाचा हात फिरवायचा. बाकी सगळं नव्यासारखं होतं. मधला पट्टा तेवढा पुढं चालला होता. मयुरा तो मधल्या भोकात लावायची; तिनं दुसरं भोक वापरलं नव्हतं. तरी बाहेरच्या भोकाची सुरकुती दिवसागणिक खोल होत होती. वर्षाची झाली. दीड वर्षाची झाली. मग तिथंच थांबली. मग खुणा मधल्या भोकावर परत आल्या, जुन्या सुरकुतीवर नवी. मग आतल्यावर. मग त्याच्याही आतल्यावर. ही सरकण भराभर झाली होती, एकेका भोकात जेमतेम महिना.

आणि एका सकाळी पाच भोकांच्या पुढं, बकलाच्या बाजूला, सहावं भोक होतं. त्याच्या पंचाचं नव्हे. वेडंवाकडं, जळक्या कडांचं.

धम्मदीप तो पट्टा हातात घेऊन बसून राहिला. न्हाणीघरातून मयुराचं गाणं ऐकू येत होतं. वाचायचं नव्हतं त्याला, पण वाचता येणाऱ्याला समोरचं अक्षर न वाचता कसं राहता येणार? दीड वर्ष. मग उतरण. मग घरच्यांनी तापवलेला खिळा.

"मयुरा, हे भोक तू पाडलं का?" ती बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"मी कायले पाडू? मले तर बरोबर होते."

प्रीतीनंही नाही म्हटलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडं पाहून म्हणाली, "तुमची झोप नाही होऊन राहिली. डोळे पाहा कसे झाले."

६

त्याच दिवशी त्यानं नवा पट्टा कापून जाकिटाला ओवला. जुना फेकून देणार होता, पण हात होईना. म्हणून साच्याच्याच कमरेला गुंडाळून ठेवला आणि काकांना बोलावलं.

काकांनी चष्मा लावला, पट्टा सुटा करून बोटांतून सरकवत नेला. "लय वापरलेला आहे हा. कोणाचा?"

"सांगा ना तुम्ही."

"पोट्टीचा आहे कोण्या. घेर तेवढाच आहे. पण गा, ही पोट्टी..." काका बोलता बोलता थांबले. त्यांचंही आयुष्य आजारी अंगांची मापं घेण्यात गेलं होतं. त्यांनी पट्टा खाली ठेवला आणि पंच्याला हात पुसले. "जाळून टाक."

"मीच केला आहे हा, काका. होळी झाल्यावर."

काकांनी चष्मा काढून खिशात घातला. मग उठले, चपला घातल्या, आणि पुन्हा म्हणाले, "जाळून टाक, धम्मदीप."

जाळायचा म्हणून त्यानं मागच्या अंगणात विटा मांडल्या, रॉकेलसुद्धा आणलं. आणि मग वाटलं, जे लिहिलंय ते संपायच्या आत हा पट्टाच संपवला, तर त्याचा अर्थ काय होईल? ज्याला अर्थच ठाऊक नाही त्यानं काडी कशी ओढायची? तो विटा तशाच टाकून आत आला आणि पट्टा परत साच्याला लावला.

नवा पट्टा कोरा राहिला. त्यावर मयुराचीच काय ती हलकी खूण होती. धम्मदीपनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तो पुरता सोडायच्या आत मयुरा म्हणाली, "पप्पा, ढिला होऊन राहिला हा. एक भोक आत लावला मी."

जूनचं ऊन होतं. पोरं उन्हाळ्यात उतरतातच. शिवाय उंची वाढली की अंग सुटतं. प्रीती हे सगळं स्वतःशीच म्हणत होती आणि पोळीवर तूप वाढत होती. मयुरा अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायची. "नाही जात, मम्मी." प्रीतीनं तिचं रक्त स्वतः काढलं, स्वतः तपासायला लावलं. सगळं ठीक. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, टॉनिक दिलं. पोर मात्र वाळत होती. पंधरवड्यात ती आणखी एक भोक आत आली. जाकीट, जे कातडीसारखं बसलं होतं, त्यात आता हात जाऊ लागला.

पट्ट्यानं दीड वर्षाचा हिशेब दाखवला होता. धम्मदीपला वाटलं होतं की निदान तेवढं तरी हातात आहे. पण पोरगी ते दीड वर्ष ओलांडून सरळ उतरणीलाच लागली होती.

७

दुपारची वेळ. बेसाकडं दुपारी चिटपाखरू नसतं. शटरं अर्धी खाली, कुत्री नालीत. लाइट गेलेली असल्यानं कुलर बंद पडला होता आणि घरात कधी नव्हे ती शांतता होती. प्रीती कामावर. मयुरा पडद्यापलीकडं झोपलेली. धम्मदीप पाकिटाची शिलाई घालत होता आणि घालता घालता पेंगत होता.

करकर असा आवाज आला. बारीकसा. चामड्याच्या खुर्चीत कोणी कूस बदलली की येतो तसा.

त्यानं सुई थांबवली. आवाजही थांबला. त्यानं टाका ओढला, तर पुन्हा करकर. फळीवरून येत होता. लाकूड तापलं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पत्रा तापलाय, लाकूड तापलंय, आवाज होणार. हे सांगता सांगता त्यानं मान वर केली.

साचा पाठमोरा होता. त्यानं तो समोर तोंड करून ठेवला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. कमरेचा पट्टा हळूहळू ताठ होत होता, पुन्हा सैल पडत होता. सावकाश. दमलेल्या माणसाचा श्वास जसा वर येतो आणि बराच वेळ घेऊन खाली जातो. पांढऱ्या प्लास्टरची कंबर त्या पट्ट्यात इतकी बारीक दिसत होती की त्याच्या दोन मुठींत मावली असती.

आणि मग पुढच्या बाजूनं एक बोट आलं. पट्ट्याच्या वरच्या कडेतून आत शिरलं आणि पट्टा अंगापासून जरा ओढून धरला. जाच होऊ लागला की मयुरा रोज करायची तसं. बोट नुसतं हाड होतं, वर पातळ सावळी कातडी. नख मधोमध चिरलेलं. लहानपणी दारात सापडून मयुराच्या करंगळीचं नख तसं चिरलं होतं आणि ते कधी नीट उगवलं नाही.

धम्मदीप ओरडला नाही. ओरडला असता तर ती उठली असती. तो उठून पडद्यापाशी गेला, पडदा बाजूला केला. मयुरा दिवाणावर कुशीवर झोपली होती, दोन्ही हात गालाखाली. श्वास चालू होता. सावकाश वर येत होता आणि बराच वेळ घेऊन खाली जात होता. मागं फळीवर चामडं करकरलं. तिच्या श्वासाबरोबर.

तो दोन्हींच्या मध्ये, पडदा हातात धरून उभा राहिला. पुन्हा करकर, पुन्हा श्वास. यावेळी श्वास खाली गेला तो वर यायला फार वेळ लागला.

मग मात्र त्यानं विचार केला नाही. आजवर केलेल्या विचारांनी काय मिळालं होतं? तो फळीपाशी गेला आणि डोळे मिटून साच्याच्या कमरेला हात घातला. बक्कल गरम होतं. ते उघडताना त्याच्या बोटांना काहीतरी लागलं, सैल धरलं, आणि सोडलं. लहानपणी रस्ता ओलांडून झाल्यावर ती त्याचं बोट सोडायची तसंच. त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. फक्त भयंकर वाईट वाटलं.

"दे मले," तो हळूच म्हणाला. "दे बेटा इकडं. तुझ्या मापाचा नाही हा."

पट्टा त्यानं शर्टावरूनच स्वतःच्या कमरेला लावला. पोरीच्या घेराचा पट्टा. त्याच्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला वीतभर तरी कमी पडायला हवा होता. कमी पडला नाही. बकलाचा काटा सहज भोकात गेला. कुठल्या भोकात, ते त्यानं पाहिलं नाही. पट्ट्यानं एकदा आवळून घेतलं, त्यानं श्वास घेतलेला नसताना, आणि मग तो अंगाला बसला.

पडद्यापलीकडं मयुरानं कूस बदलली. "पप्पा," ती झोपेतच म्हणाली, "भूक लागली."

८

पावसाळा आला तसं घर सावरलं. मयुरा जेवू लागली. आधी चोरून, मग मागून मागून. प्रीती पोळ्या लाटता लाटता रडली आणि कोणी विचारलं तर कांद्याकडं बोट दाखवलं. तिच्या जाकिटाचा नवा पट्टा पुन्हा मधल्या भोकात आला आणि दिवाळीच्या सुमारास एक भोक बाहेर गेला. नव्या एक्स-रेत बाक तेवढाच होता, वाढला नव्हता. डॉक्टरांनी मयुराशी हात मिळवला. मधुसूदनकाका येऊन जाकीट बघून गेले. धम्मदीपच्या कमरेकडं त्यांची नजर गेली तेव्हा ते बोलता बोलता अडखळले, चहा अर्धा टाकून उठले आणि दारातून मागं वळून त्यांनी दोन्ही हात जोडून "जयभीम" म्हटलं. एरवी ते एका हातानं म्हणायचे.

धम्मदीपला या घरच्या लोकांनी इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. थकवा होताच, पण त्याची आता कुरकुर नव्हती. दुकान तो उशिरा उघडायचा. प्रीतीनं त्याच्या पँटी कमरेत आत घेऊन शिवल्या, मग आणखी आत घेतल्या. त्याचं रक्त तपासलं. सगळं ठीक.

"काय होऊन राहिलं तुम्हाले?" ती विचारायची.

"काही नाही वं. पोट कमी झालं तं चांगलंच आहे ना."

हिवाळ्याच्या एका सकाळी मयुरा पडदा सारून दुकानात आली, ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत. तिला पट्टा करायला शिकायचं होतं. चामडं कापायची रापी कशी धरायची हे तिनं त्याला बघून बघून शिकूनच घेतलं होतं.

"पहिला तुमच्यासाठी करतो," ती म्हणाली. "लोकाईले नवे करून देता अन् स्वतः हा असला फाटका घालता. उभे राहा."

तो उभा राहिला. तिनं त्याच्या कमरेभोवती टेप फिरवला. आकडा पाहिला. टेप सैल करून पुन्हा फिरवला, यावेळी सावकाश, आणि पुन्हा पाहिला. वर बघताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"पप्पा, हे तर..."

"जे आलं ते धर, बेटा," धम्मदीप म्हणाला. "अन् भोकं पाडशील तं आतल्या बाजूनं दोनचार जास्त पाड. मागून घरी खिळा तापवायचं काम नको."

तिला ते नीट कळलं नाही. ती टेप हातात गुंडाळत तशीच उभी राहिली, आणि त्यानं स्टुलावर बसून तिच्यासाठी दोऱ्याला मेण चोळायला घेतलं.